मेंदूच्या टीबीच्या गोळ्या मेंदूत पोचतात

'मेंदूभोवती भिंत असते, तिच्यातून कुठलंच औषध आत जात नाही. मेंदूच्या टीबीत वर्षभर गोळ्या गिळायला लावणं ही लूट आहे; ताप उतरला की बंद करा. पाठीतलं पाणी तर काढूच देऊ नका, पेशंट कायमचा अधू होतो.' हा मेसेज सध्या घरोघरच्या ग्रुपवर फिरतोय. तो खरा मानून कुणी गोळ्या सोडल्या तर जिवावर बेतेल.

भिंत आहे, हे खरं. मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात. मेंदूतलं पाणी जिथे तयार होतं तिथेही असाच पडदा असतो. पण चरबीत विरघळणारे छोटे रेणू या पेशींमधून आरपार जातात. सर्दीवर एव्हिल घेतल्यावर गुंगी येते ती उगाच नाही. पार्किन्सन्स या कंपाच्या आजारात मेंदूत डोपामाइन हे रसायन कमी पडतं, पण ते देऊन भागत नाही, कारण ते आत शिरत नाही. लेव्होडोपा या औषधाला मात्र वाहक प्रथिनं आत नेतात आणि तिथे त्याचं डोपामाइन होतं.

आता टीबीचं. आयसोनियाझिड आणि पायराझिनामाइड ही टीबीची औषधं पाठीतल्या पाण्यात (मेंदूभोवतीचं पाणीच कण्यात उतरलेलं असतं) जवळजवळ रक्ताइतक्याच प्रमाणात सापडतात. लघवी नारिंगी करणारं रिफाम्पिसिन बरंच कमी पोचतं, तरी त्याच्यावाचून निभत नाही. एथाम्ब्युटॉल पोचतं तेही मुख्यतः सूज असताना, कारण सुजेने भिंत सैल पडते. 'ताप उतरला की बंद' हा सल्ला इथेच घातक ठरतो: सूज ओसरली की भिंत पुन्हा आवळते, आणि संथपणे वाढणारे जंतू आत तसेच असतात. म्हणून उपचार साधारण ९ ते १२ महिने चालतात. मध्येच सोडले तर आजार उलटतो, औषधांना दाद न देणारा टीबीही होऊ शकतो. राहिली लूट, ही औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.

पाठीतल्या पाण्याची भीती मी समजू शकते, सुई कण्यात जाणार म्हटलं की कुणाच्याही पोटात गोळा येतो. पण मोठ्या माणसात मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो आणि सुई त्याच्या खाली घालतात. हे पाणी एकूण सुमारे १५० मिली असतं आणि दिवसाला ५०० मिलीच्या आसपास नवं बनतं, त्यामुळे तपासणीसाठी घेतलेले थोडे मिली काही तासांत भरून निघतात. नंतर डोकं दुखू शकतं, ते बहुधा काही दिवसांत थांबतं. डोक्यात दाब वाढल्याची शंका असेल तर डॉक्टर आधी स्कॅन करतात. पाणी काढल्यावर हातपाय गेलेले ज्यांनी पाहिलेत, त्यांनी बहुतेक वेळा टीबीचाच घाव पाहिलेला असतो: मेंदूच्या तळाशी रक्तवाहिन्या सुजतात, बंद होतात आणि लकवा मारतो.