३४ मिनिटे मिळवू नका, सेटिंग तपासा

सातारा-सांगलीकडच्या आकाशनिरीक्षकांमध्ये एक संदेश फिरतोय. त्याचा गोषवारा असा : 'स्टेलॅरियमसारखी आकाशाचा नकाशा दाखवणारी परदेशी सॉफ्टवेअर आपल्याकडे अर्ध्या तासाने चुकतात. बारा वाजले तरी सूर्य माथ्यावर येत नाही, हाच पुरावा. म्हणून साताऱ्यात प्रत्येक वेळेत ३४ मिनिटे मिळवा. ग्रहही दाखवलेल्या वेळेआधीच मावळतात, राशी तर साफ चुकतात. तेव्हा नियोजन पंचांगावरूनच करा.' नवी मुले यावर विसंबून रात्र फुकट घालवतात, म्हणून हे लिहितोय.

आधी ते ३४. हा आकडा खोटा नाही. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, सातारा ७४ अंशांवर. साडेआठ अंशांचा फरक, अंशाला चार मिनिटे, झाली ३४ मिनिटे. म्हणूनच साताऱ्यात सूर्य बाराला नव्हे, सरासरी १२.३४ ला याम्योत्तर वृत्तावर, म्हणजे डोक्यावरून उत्तर-दक्षिण जाणाऱ्या रेषेवर, येतो. पण रेखांश आणि +५.३० हा टाइम झोन भरला की सॉफ्टवेअर हा हिशेब स्वतःच करते. त्यावर पुन्हा ३४ मिळवले तर तोच फरक दोनदा धरला जातो आणि तेवढ्या वेळात आकाश साडेआठ अंश सरकते. दुर्बिणीच्या एखाद्या अंशाच्या दृश्यक्षेत्रात मग काय सापडणार?

तरीही हा तोडगा काहींना लागू पडला, त्याला कारण आहे. टाइम झोन भरताना अर्धा तास गाळून नुसते +५ निवडले, तर उदयास्ताच्या सगळ्या वेळा बरोबर तीस मिनिटे आधीच्या दिसतात. अशा लॅपटॉपवर ३४ मिळवले की उत्तर जवळपास जुळते. दोष सेटिंगचा, आणि औषध सगळ्या जिल्ह्याला!

चूक किती आहे यावरून ती कुठली हे बहुतेक वेळा ओळखता येते. बरोबर एक तासाचा फरक असेल तर डेलाइट सेव्हिंगची (उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करण्याची) खूण चालू राहिली आहे; भारतात ती कधीच नको. माझ्याच गच्चीवर मुले जमली होती. स्क्रीनवर शनी जेमतेम उगवत होता, आणि आकाशात तो हात लांब करून धरलेल्या दीड मुठीएवढा वर आला होता. एक तास म्हणजे पंधरा अंश, ते असे दिसतात. आकाश अजिबातच जुळत नसेल तर रेखांशापुढे पूर्वऐवजी पश्चिम पडले आहे का ते पाहा. ७४ अंश पश्चिम भरले की आपला सातारा हैतीच्या दक्षिणेला कॅरिबियन समुद्रात जातो. ध्रुवतारा क्षितिजाखाली दिसला तर अक्षांश दक्षिण झालाय. साताऱ्यातून तो साधारण पावणेअठरा अंशांवर हवा, सांगलीतून सतराच्या आसपास.

ग्रह लवकर मावळतात ही तक्रार खरी आहे, निष्कर्ष चुकीचा. सॉफ्टवेअर सपाट क्षितिज धरते. साताऱ्याच्या पश्चिमेला यवतेश्वरचा डोंगर आहे, त्यामागे बुध वेळेआधीच जाणार. सांगलीच्या मोकळ्या माळावरून हा प्रश्न फारसा येत नाही. आपल्या गच्चीवरून डोंगर किती अंश वर आहे ते मुठीने मोजा, एक मूठ म्हणजे साधारण दहा अंश, आणि नियोजनात तेवढी उंची वगळा.

राशींचा घोळ तर चूकच नाही. सॉफ्टवेअर आंतरराष्ट्रीय खगोल संघाने ठरवलेल्या सीमांचे तारकासमूह दाखवते. त्यात सूर्याच्या वाटेचे सुमारे ४४ अंश कन्येला आणि जेमतेम सात अंश वृश्चिकेला मिळतात. पंचांगातल्या राशी मात्र तीस-तीस अंशांच्या सारख्या.

पंचांगाविषयी मला आदर आहे. तिथी-नक्षत्रासाठी ते पाहावेच. पण मुंबईसाठी छापलेला सूर्योदय रेखांशामुळेच साताऱ्यापेक्षा चार-पाच मिनिटे उशिराचा असतो, आणि संध्याकाळी सव्वासातला बुध किती उंचीवर आहे हे त्यात मिळत नाही.

पडताळा घ्यायचा तर अंगणात काठी सरळ उभी करा. दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करा. सावली सर्वांत आखूड झाली ती वेळ आणि सॉफ्टवेअरने दिलेली सूर्याची याम्योत्तर वृत्तावरची वेळ पाच-दहा मिनिटांच्या फरकाने जुळली पाहिजे. साताऱ्यात फेब्रुवारीच्या मध्याला ती १२.४८ च्या आसपास असते, नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२.१८ च्या. अर्ध्या किंवा एका तासाचा फरक आला, तर वेळांत मिळवत बसण्याआधी ठिकाण आणि टाइम झोनची चौकट उघडा.