सहा टायरांच्या कामात सहा चाकांचे बिल का झाले: आपल्या अभिप्रायास उत्तर

नमस्कार,

आपण आमच्या वर्कशॉपला दोन तारे देऊन मराठीत सविस्तर अभिप्राय लिहिलात, म्हणून उत्तरही मराठीतच देत आहे. आपली तक्रार थोडक्यात अशी आहे: आपल्या १९७६ च्या जीएमसी मोटरहोमचे (आत राहण्याची सोय असलेल्या सहाचाकी गाडीचे) फक्त सहा टायर बदलायला सांगितले असताना आम्ही सहाही चाके बदलायला लावली, त्यामुळे बिल सांगितलेल्या अंदाजाच्या दुपटीवर गेले आणि गाडी तीनऐवजी नऊ दिवस अडकून पडली, नव्या टायरवर ८० चा आकडा असताना हवा कमी भरली, ६० मैलांनंतर नट आवळायला परत बोलावले, म्हणजे काम कच्चे होते, आणि जुनी चाके आपल्याला दिली नाहीत. यांतल्या दोन बाबतींत चूक आमची आहे. त्यांपैकी पहिली आधी सांगतो.

आपण फोन केलात तेव्हा काउंटरवरच्या आमच्या सहकाऱ्याने गाडीचे वर्ष आणि मॉडेल विचारले, पण चाकाचे माप विचारले नाही, आणि १६ इंची टायरचा नेहमीचा भाव सांगून तो मोकळा झाला. या गाडीच्या बाबतीत पहिला प्रश्न चाकाच्या मापाचाच असायला हवा. मिशिगनमधल्या ज्या पाँटियाकमध्ये ही गाडी तयार झाली ते गाव आमच्यापासून हाकेच्या अंतरावर आहे आणि अशा गाड्या आमच्याकडे दरवर्षी येतात, त्यामुळे माहिती नव्हती अशी सबब मी सांगू शकत नाही. खरा खर्च आपल्याला गाडी आणण्यापूर्वी कळला असता, तर आपण सहलीच्या तारखा त्याप्रमाणे ठरवल्या असत्या. याची भरपाई म्हणून सहा चाकांच्या जोडणीची पूर्ण मजुरी आम्ही आपल्याला परत करत आहोत. चाके बदलण्याचा निर्णय मात्र बरोबर होता, आणि पुन्हा वेळ आली तरी मी तोच घेईन.

जनरल मोटर्सने १९७३ ते १९७८ या मॉडेल-वर्षांत ही मोटरहोम सुमारे १३ हजार बनवली, तेव्हा हलक्या ट्रकांसाठी साडेसोळा इंची रिम हे चलतीतले माप होते आणि आपल्या गाडीला मुळात ८.७५-१६.५ या मापाचे टायर होते. पुढे ते माप मागे पडले आणि त्या आकाराचे टायर बाजारातून जवळपास नाहीसे झाले. इंटरनेटवर साडेसोळाचे टायर भरपूर दिसतात, असे आपण लिहिले आहे. ते बहुतेक लष्करी हमवी गाडीचे असतात. त्यांचा व्यास ३७ इंचांचा, तर आपल्या टायरचा साडेएकोणतीसच्या आसपास. ते रिमवर बसतीलही, पण गाडीच्या चाकखोबणीत मावणार नाहीत. उरलेल्यांत बराचसा गोदामात वर्षानुवर्षे पडून राहिलेला माल असतो, आणि रबर गाडी न चालवताही म्हातारे होते.

त्यावरूनच आपल्या जुन्या टायरांविषयी. टायरच्या खाचेत पेनी, म्हणजे एक सेंटचे नाणे, उलटे घालून पाहिले तेव्हा त्यावरचे लिंकनचे डोके बुडत होते, म्हणजे नक्षी शाबूत होती, हे आपले म्हणणे अगदी बरोबर आहे. परंतु टायर कधी बनला हे सांगणारे, बाजूवरच्या डीओटी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे आपल्याला दिसले नाहीत, कारण ते टायर आकड्यांची बाजू आत करून चढवलेले होते. गाडी उचलल्यावर मी खाली शिरलो, विजेरी धरली, चिंधीने धूळ पुसली, तेव्हा पुढच्या उजव्या टायरवर ३१०५ असे दिसले: २००५ सालचा ३१ वा आठवडा. त्या आकड्यांच्या खालीच, रिमच्या कडेला समांतर, नख आत जाईल अशी भेग अर्ध्या चाकाभर गेली होती. ज्यांनी आपल्याला गाडी विकताना टायर ‘जवळजवळ नवे’ असल्याचे सांगितले, त्यांनीही बहुधा बाहेरची बाजूच पाहिली असावी. या भेगेचे फोटो त्याच दिवशी आपल्याला पाठवले होते.

आता आपल्या ओळखीच्या मेकॅनिकने विचारलेला प्रश्न: अर्ध्या इंचाने असे काय होते, १६ चा टायर त्याच रिमवर बसत नाही का? या प्रश्नाचे उत्तर मला सगळ्यांत स्पष्ट द्यायचे आहे, कारण हे वाचणाऱ्या आणखी कोणाकडे जुनी गाडी असू शकते. साडेसोळाच्या रिमवर टायरची कड जिथे टेकते तो भाग १५ अंशांनी उतरता असतो, १६ च्या रिमवर तो ५ अंशांचा असतो. त्या उतारामुळे १६ चा टायर मोठ्या रिमवर चढतो, आणि घोटाळा इथेच होतो. तो चढतो, पण कड जागेवर बसत नाही. मग माणूस ती बसावी म्हणून हवा वाढवत जातो, कडेतली तार ताणली जाऊन तुटते आणि टायर हवा भरणाऱ्याच्या तोंडावर फुटतो. अशाच एका जखमी मेकॅनिकचा खटला टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९९८ मध्ये त्याचा निकाल लागला. त्या टायरवर धोक्याची सूचना चित्रासकट लावलेली होती, तरीही हे घडले. माझ्या वर्कशॉपमधल्या पोरांना मी हे काम करू देणार नाही, मग गिऱ्हाईक कितीही रागावो.

म्हणून साडेसहा इंची वर्तुळावर नटांची आठ भोके असलेली आणि आत-बाहेरचा बसाव जुळणारी १६ इंची चाके मागवावी लागली. नऊ दिवसांतले सात त्यांची वाट पाहण्यात गेले. त्यांवर एलटी२२५/७५आर१६ या मापाचे टायर बसवले. व्यास जवळपास मूळचाच असल्याने आपला स्पीडोमीटर फसणार नाही.

हवेच्या बाबतीत थोडा गैरसमज झाला आहे. टायरवरचा ८० पीएसआय (हवेच्या दाबाचे माप) हा आकडा त्या टायरने २,६८० पौंडांचे कमाल वजन पेलण्यासाठीचा आहे, रोज भरायचा नव्हे. पाण्याची टाकी भरून आणि आपले सामान आत असतानाच आम्ही प्रत्येक चाकाखाली काटा ठेवून वजन घेतले. सर्वांत जड निघाले ते पुढचे उजवे चाक, २,१६० पौंडांचे. ६५ पीएसआयला तो टायर २,३३५ पौंड पेलतो, म्हणून पुढे ६५ भरली. मागची चार चाके बरीच हलकी असल्याने तिथे त्याहून कमी पुरते. ८० भरली असती तर गाडी खडखडली असती आणि टायर मधोमध झिजले असते. नट पुन्हा आवळणे हे तर नवी चाके बसवल्यावर ५० ते १०० मैलांनी करायचेच काम आहे, कारण रंगाचा थर दबून चाक बैठक घेते. बिलावर तसे छापलेलेही आहे, मात्र बारीक अक्षरात, हे मान्य करतो.

जुनी चाके ही आमची दुसरी चूक. ती आपली मालमत्ता आहे आणि न विचारता ती ठेवून घेण्याचा आम्हाला अधिकार नव्हता. सहाही चाके मागच्या शेडमध्ये आपल्या नावाची चिठ्ठी लावून ठेवली आहेत. विकायची झाल्यास घेणाऱ्याला माप साडेसोळा आहे एवढे आवर्जून सांगावे. ती न्यायला याल तेव्हा गाडीतली स्टेपनीही घेऊन या, कारण ती अजून जुन्याच रिमवर, जुन्याच टायरसह आहे आणि आम्ही तिच्याकडे पाहिलेच नाही. तिच्यासाठी सातवे चाक मागवून ठेवले आहे. त्याची किंमत घेऊ, मजुरी घेणार नाही. शनिवारी दुपारी १ पर्यंत मी स्वतः दुकानात असतो.

आपला,
वर्कशॉपचा मालक