चीनला निघालात? कॉफीची काळजी सोडा

भारत-चीन थेट विमानं पुन्हा सुरू झाल्यापासून ओळखीतले बरेच जण तिकडे निघालेत आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला: सकाळच्या चहा-कॉफीचं काय? भिंत, मातीचे सैनिक, बुलेट ट्रेन सगळं नंतर.

कॉफी मिळते हो. शांघायमध्ये तर नको इतकी मिळते. स्टारबक्सने बीजिंगमध्ये पहिलं दुकान थाटलं १९९९ साली. २०१७ मध्ये सुरू झालेली लकिन ही चिनी कंपनी २०२० मध्ये हिशेबातल्या घोटाळ्यामुळे अमेरिकेच्या नॅसडॅक या शेअर बाजारातून बाहेर काढली गेली, आणि तरीही २०२३ मध्ये चीनमधल्या दुकानांच्या संख्येत तिने स्टारबक्सला मागे टाकलं. तिच्या ९.९ युआनच्या कपाने, म्हणजे आपल्या साधारण सव्वाशे रुपयांत, भलेभले घायकुतीला आले. चीनची जवळजवळ सगळी कॉफी पिकते युनान प्रांतात, त्यातही भरपूर प्वारमध्ये, ज्या गावाचं नाव जगाला चहामुळे ठाऊक आहे.

पण मला म्हणायचंय ते वेगळंच. परदेशात आपण कॉफी शोधतो ती काहीतरी ओळखीचं हवं म्हणून, आणि चीनमध्ये नेमकं त्याच दुकानात सगळ्यात परकं वाटतं. काउंटरवर माणूस असतो, पण तो तुमच्याशी बोलायला नसतो. मोबाइलवर दुकान निवडा, गरम की बर्फाची, साखर किती, पैसे भरा, नंबर येईल. मग स्टिकर लावलेल्या कपांच्या रांगेतून आपला उचला आणि चालू लागा. बऱ्याच ठिकाणी बसायला खुर्चीच नाही. यादीत नारळाच्या दुधाची लाटे, संत्र्याच्या रसातली अमेरिकानो, म्हणजे बिनदुधाची काळी कॉफी. जायफळ घातलेली, दुधाळ, गोड अशी आपली घरची कॉफी डोक्यात घेऊन गेलेल्या माणसाने तिथे करायचं काय? (संत्र्यावाली मी प्यायले. वाईट नाही. पण ती कॉफीही नाही.)

आता तिथून बाहेर पडून गल्लीत शिरा. सकाळी सहा-सातला बाकड्याएवढ्या दुकानासमोर रांग असते. बाई कणकेच्या दोन पट्ट्या एकावर एक ठेवते, मधोमध चॉपस्टिक दाबते, दोन्ही टोकं धरून ताणते आणि तेलात सोडते. बघता बघता ती हातभर फुगते. लांब चॉपस्टिकने उलटवत राहायचं, तांबूस झाली की जाळीवर उभी करायची. ही योउत्याव. सोबत गरम सोयाबीनचं दूध. शांघायकडे त्यात खारा प्रकारही असतो: व्हिनेगरने दूध फाटतं, वर कांद्याची पात, लोणचं आणि बहुतेकदा सुकी कोळंबी. शाकाहाऱ्यांनी मुकाट्याने गोड दूधच घ्यावं. पैसे क्यूआर कोडवर, आणि स्पीकरमधून रकमेची घोषणा. डोळे मिटले तर आपल्या नाक्यावरची वडापावची गाडीच! बाई काही विचारते, आपल्याला कळत नाही, ती हसते, बोटं दाखवते, व्यवहार होतो. ही ओळख मला कुठल्याच कॅफेत मिळाली नाही.

पैशांवरून आठवलं, तिथे गप्पा आणि पैसे दोन्हींसाठी वापरतात ते वीचॅट अ‍ॅप आपल्याकडे २०२० पासून बंद आहे, त्यामुळे भिस्त अलीपे या पैसे भरायच्या दुसऱ्या चिनी अ‍ॅपवर. कार्ड घरूनच जोडून ठेवा. तिथे पोचल्यावर ओटीपीची वाट बघत उभं राहू नका.

दुसरी गोष्ट गरम पाण्याची. हॉटेलात बसलात की न मागता समोर गरम पाणी येतं. रेल्वेच्या प्रत्येक डब्याच्या टोकाला उकळत्या पाण्याचा नळ, स्टेशनवर नळ, विमानतळावर नळ. थंड पाण्याने पोट बिघडतं ही तिथली जुनी समजूत, आणि पाणी उकळून प्या म्हणून १९५०च्या दशकात सरकारनेही मोहीम चालवली होती. आजोबा लोक काचेच्या बाटलीत चहाची पानं टाकून फिरतात, पाणी संपलं की पुन्हा नळावर. तीच पानं दुपारपर्यंत. आपल्याकडे रोज सकाळी व्हॉट्सअॅपवर कोमट पाण्याचे फायदे पाठवणारी मंडळी मात्र तिथे बर्फाचं पाणी मिळत नाही म्हणून तोंड वाकडं करतात, तेव्हा मला खरंच हसू येतं. गंमत अशी की त्याच देशातली तरुण पोरं भर थंडीत बर्फाची अमेरिकानो घेऊन ऑफिसला पळतात. एका घरात आजीचा थर्मास आणि नातवाचा बर्फ, दोन्ही सुखाने नांदतात.

दुधाचा चहाच हवा असेल तर चहाची प्रीमिक्स पाकिटं न्या. हॉटेलच्या खोलीत किटली जवळपास हमखास असते. त्यात कमीपणा काही नाही, मीही नेते.

टूरवाल्यांना मात्र एक विनंती. सकाळी नऊपर्यंत माणसांना बुफेत कोंडून टोस्ट आणि कॉर्नफ्लेक्स खायला लावू नका. बुफे मुंबईतही असतो. एखाद्या दिवशी साडेसहाला उठवा, मागच्या गल्लीत सोडा, प्रत्येकाच्या हातावर वीस युआन ठेवा आणि तासाभराने न्यायला या. कुरकुर होईल, होऊ द्या.