पंचावन्न गायी

कृष्णाच्या गायी नेमक्या ५५ असतात, हे लग्नाला बारा वर्षं होईपर्यंत मला माहीत नव्हतं. गोकुळातल्या नव्हेत, गंजिफातल्या, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांतल्या.

दशावतारी गंजिफाची पानं १२०. दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं: राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा. मत्स्याच्या पानांवर मासे, परशुरामाच्या परशू, रामाच्या बाण, कृष्णाच्या गायी. एक्क्यावर एक गाय, दुर्रीवर दोन, करत करत दश्शीवर दहा. बेरीज ५५. असे दहा अवतार, म्हणजे एकूण ५५० चित्रं. राजे आणि प्रधान वेगळेच. ही बेरीज मी आधी करायला हवी होती. शाळेत गणितात मी काही वाईट नव्हते. पण त्या दिवशी सावंतवाडीच्या राजवाड्यात उभी होते, समोर एक कलाकार बाई हातभर अंतरावर बसून तळहाताएवढ्या गोल पानावर केसाइतक्या बारीक रेषेने नरसिंहाची आयाळ काढत होत्या, आणि माझ्या तोंडून ते वाक्य निघून गेलं.

"आपण हे घरी करू या!"

आमच्या घरात या वाक्याला सगळे टरकतात. दोन वर्षांपूर्वी याच वाक्यातून गॅलरीत पुरंदर उभा राहिला होता. त्यावर पेरलेले अळीव मी इतक्या प्रेमाने शिंपले, की तिसऱ्या दिवशी अख्खा पुरंदर खालच्या बिऱ्हाडाच्या वाळत घातलेल्या चादरींवर उतरला. तहाची बोलणी मलाच करावी लागली.

माझं सासर कुडाळचं. दिवाळीत गावी गेलो की एक दिवस सावंतवाडी ठरलेली. मोती तलावाला एक फेरी, मग चितारआळीत लाकडी खेळणी. तिथली लाकडी फळं इतकी हुबेहूब, की नवरा दरवर्षी आंबा दाबून बघतो आणि दरवर्षी "मी गंमत करत होतो" म्हणतो. राजवाड्यात मात्र आम्ही पहिल्यांदाच गेलो. हाताने रंगवलेल्या पूर्ण संचाची किंमत ऐकल्यावर नवरा काचेच्या कपाटापासून दोन पावलं मागे सरकला आणि मुलांनाही त्याने हळूच मागे ओढलं.

तेव्हाच तिथे ती गोष्ट कळली. एके काळी ही कला पुंडलिक चितारी नावाच्या वृद्ध कारागिरापाशी येऊन थांबली होती. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला सावंतवाडीचे राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी त्यांच्याकडून ती शिकून घेतली आणि पुन्हा उभी केली. झालं. राणीसाहेब शिकू शकतात, तर डोंबिवलीच्या बाईला काय धाड भरली आहे?

कागदाला पूर्वी चिंचोक्याची खळ लावत, असंही तिथे ऐकलं. मी घरी येऊन पाव किलो चिंचोके आणले, भिजवले, वाटले, शिजवले. खळ झाली. मिक्सरचं भांडं मात्र गेलं. आणि त्या खळीवर मुंग्यांचा जो मोर्चा आला, तो नंतर आठवडाभर ओट्यावर ठिय्या देऊन होता. शेवटी शाळेचा पांढरा गोंद वापरला. परंपरेलाही कुठेतरी टेकायला जागा लागते.

पुठ्ठा कुठून आणायचा? तर घरात साठलेल्या लग्नपत्रिकांमधून. ही कल्पना माझी, आणि मला तिचा फार अभिमान वाटला. मुलीच्या बांगडीने गोल आखले, चार रविवार कात्री चालवली. कात्रीने गोल कापणं हे ज्यांनी केलं नसेल त्यांना सांगते, पहिले दहा गोल येतात, पुढचे वीस बटाट्यासारखे येतात, आणि नंतर अंगठ्याला फोड येतो. सत्तराव्या पानाला बांगडी फुटली, म्हणून उरलेले गोल वाटीने आखले. वाटी जरा मोठी होती.

रंगवण्याची वाटणी मी केली आणि तिथे चुकले. धाकटा दुसरीत, म्हणून त्याला सोपं द्यावं या हेतूने कल्की दिला. कल्कीला तलवारी. त्याने ५५ तलवारी बावीस मिनिटांत काढल्या, त्यातल्या पाच जेवणाच्या टेबलावर. मुलगी पाचवीत, तिची चित्रकला चांगली, म्हणून तिला कृष्ण दिला. सातव्या गायीपर्यंत ती छान होती. वाशिंड, घंटा, डोळ्यांत भाव. विसाव्या गायीला तिने विचारलं, "आई, गाय बसलेली चालेल?" बसलेल्या गायीला पाय काढावे लागत नाहीत. तिसाव्या गायीला, "पाठमोरी चालेल?" चाळिसाव्यापासून पुढे गवतामागे लपलेल्या गायी आल्या. म्हणजे नुसतं गवत आणि दोन शिंगं. पंचावन्नावी गाय झाल्यावर तिने ब्रश पाण्यात ठेवला आणि फार शांत आवाजात म्हणाली, "आता मला आयुष्यात कोणी गाय काढायला सांगायची नाही." शाळेत पुढच्याच महिन्यात 'माझा आवडता प्राणी' आला. तिने गोगलगाय लिहिली.

राम, मत्स्य आणि उरलेले सगळे अवतार मी काढले. रात्री अकरानंतर. नवरा मधूनच येऊन विचारायचा, "आणि यात हुकूम कोणता?" याला हुकूम नसतो, हे मी त्याला सहा वेळा सांगितलं. त्याचं सगळं बालपण मेंढीकोटात गेलेलं. हुकमाशिवाय पत्ते ही कल्पनाच त्याला फोडणीशिवाय आमटीसारखी वाटते.

मार्चअखेर १२० पानं तयार झाली. पहिल्याच डावात मुलाने बहिणीच्या हातातलं पान ओळखलं. मी म्हटलं, कसं? तो म्हणाला, "परशुरामाच्या राजाच्या मागे 'आहेर स्वीकारला जाणार नाही' लिहिलंय." सगळी पानं उलटी करून पाहिली. वामनाचा प्रधान 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!' वराहाच्या दश्शीवर कोणाचंतरी शुभमुहूर्त दुपारी १२ वाजून ३२ मिनिटे. मग १२० पानांना मागून खाकी कागद चिकटवला. आणखी दोन रविवार. वाटीने आखलेली पानं मोठी आहेत हे कोणाच्या लक्षात येऊ नये म्हणून मी देवाला नवस बोलले.

मे महिन्यात कुडाळला जाताना दिवसाची गाडी घेतली, मुद्दाम. प्रवासात खेळता येईल म्हणून. तिघांचा खेळ, प्रत्येकी चाळीस पानं, मी पंच. आता चाळीस गोल पानं सात वर्षांच्या पोराच्या मुठीत राहतात का, हा विचार माझ्याकडून राहून गेला होता. चौकोनी पत्त्यांचा पंखा होतो. गोल पानांची थप्पी होते आणि थप्पी घसरते. शेवटी त्याने पानं टोपीत भरली आणि हवं ते पान भिकबाळी शोधावी तसा तो चाचपून काढू लागला. त्यात निम्म्या अवतारांत दश्शी मोठी आणि निम्म्यांत एक्का मोठा, त्यामुळे दर हाताला माझ्याकडे दाद मागितली जाई.

पण खरा घोळ दुसऱ्याच नियमाने घातला. दिवसा ज्याच्याकडे रामाचा राजा असेल त्याने उतारी करायची, म्हणजे पहिलं पान टाकायचं, रात्री ज्याच्याकडे कृष्णाचा राजा असेल त्याने. राजवाड्यात हे ऐकताना मला केवढं काव्य वाटलं होतं! मुलीकडे राम आला, ती उतरली, डाव सुरू झाला. चिपळूण गेलं. पुढे बोगदा आला, डब्यात काळोख झाला, दिवे लागले, आणि धाकटा टोपी सांभाळत उभा राहिला.

"रात्र झाली! कृष्ण माझ्याकडे आहे!"

उतारीचा नियम फक्त डावाच्या सुरुवातीला असतो, हे त्याला समजावेपर्यंत बोगदा संपला. समजावून झालं तेव्हा पुढचा आला. कोकण रेल्वेच्या ७४१ किलोमीटरमध्ये नव्वदवर बोगदे आहेत, हे मला एरवी अभिमानाने सांगायला आवडायचं. करबुड्याचा बोगदा तर साडेसहा किलोमीटरचा. तेवढ्या वेळात धाकट्याने दोनदा रीतसर उतारी केली, आणि समोरच्या बाकावरचे आजोबा त्याचे वकील झाले. "दिवे लागले म्हणजे रात्रच धरायची," ते म्हणाले. त्यांच्या शेजारच्या काकूंचं म्हणणं, सूर्यास्त पंचांगावरून बघावा. नवऱ्याने विचारलं, "पण हुकूम कोणता?"

नेमका तेव्हा चहावाला आला. त्याला वाट द्यायला सगळ्यांनी पाय उचलले, टोपी उलटली आणि अवतार बाकांखाली घरंगळत गेले. रत्नागिरी येईपर्यंत आम्ही चौघं, आजोबा आणि काकू ओणवे होतो. मोजली तर ११९. कृष्णाची दश्शी गायब. मी मुलीकडे पाहिलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी विषय काढलाच नाही.

कुडाळला सासूबाईंनी पानं उलटसुलट करून पाहिली. "गो, गंजिफे राजवाड्यात खेळत. आमी सागरगोटे खेळत होतंव, तां पण आवशीची नजर चुकवून." मग आत जाऊन त्यांनी लाडवांच्या जुन्या डब्यातून पाच सागरगोटे आणून नातवंडांपुढे टाकले. कात्री नाही, रंग नाही, खळ नाही. मी मनातून चरफडले. पण मुलांनी त्यातली झेलाझेली शिकून घेतलीच नाही. सागरगोटा फरशीवर घासला की चांगला तापतो आणि दुसऱ्याच्या दंडाला टेकवला की तो बोंबलतो, एवढं त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत आत्मसात केलं. उरलेली सुट्टी त्यातच गेली. सासूबाईंच्या दंडावरही एक लाल ठिपका मी पाहिला, त्यामुळे मला जरा बरं वाटलं.

आता घरी आम्ही ११९ पानांनीच खेळतो. ११९ला तिनाने भाग जात नाही. नवऱ्याने पहिल्या दिवशी मोठ्या मनाने ३९ पानं स्वतःकडे घेतली, आणि तेव्हापासून प्रत्येक डाव तो त्या एका पानामुळेच हरतो.

ते पान परवा मला सापडलं. प्रवासाच्या चिवड्याच्या डब्याच्या तळाशी, तेल पिऊन आरपार झालेलं. मागच्या खाकी कागदातून दहाच्या दहा गायी दिसतात, म्हणजे खेळायला ते निकामीच. मी ते पुसून मसाल्याच्या कपाटात, वरच्या फळीवर हिंगाच्या डबीखाली ठेवलं आहे. नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही.