‘कॉमेंट मराठी केल्या आणि स्क्रिप्ट बिघडली’: दोन ताऱ्यांच्या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार,

तुमच्या अभिप्रायाचा गाभा असा: ‘लग्नाच्या फोटोंची कार्डं उतरवायची स्क्रिप्ट (कमांडची छोटी फाइल) घेतली. स्टुडिओतल्या मुलांना कळावं म्हणून वरच्या कॉमेंट, म्हणजे माणसांसाठीच्या टिपा, ज्या मशीन सोडून देतं, मराठीत केल्या. कोडच्या एकाही ओळीला हात लावला नाही. तरी आधी स्क्रिप्ट कुठलाच ऑप्शन (कमांडसोबत द्यायची सूचना) ओळखेना आणि नंतर ड्राय-रन (नुसतं दाखव, कॉपी नको) सांगूनही खरी कॉपी सुरू झाली, बॅकअपची डिस्क भरली. कॉमेंट बदलली की चालणं बदलतं, हे कुठलं शास्त्र? जुगाड विकू नका, पैसे परत द्या.’

पैसे सोमवारी परत केले आहेत. बाकीचं उत्तर इथे चारचौघांत देतोय, कारण हीच स्क्रिप्ट इतर स्टुडिओंतही चालते आणि उद्या त्यांच्यातलंही कुणी तुमच्यासारख्याच चांगल्या हेतूने ती फाइल उघडेल.

तुम्ही ज्यांना कॉमेंट समजलात त्या निव्वळ कॉमेंट नव्हत्या. फाइलच्या तोंडाशी दोन हॅश (#) लावलेल्या ज्या चोवीस ओळी आहेत, त्या स्क्रिप्ट सुरू होताच स्वतःच वाचते. ‘हेल्प’ म्हटल्यावर पडद्यावर येतो तो मजकूरही त्याच ओळींचा, आणि कोणते ऑप्शन चालतात, कशाला पुढे किंमत (म्हणजे आकडा, पत्ता असं काही) लागते, न सांगितल्यास काय धरायचं, हेही त्याच ओळींवरून ठरतं. वेगळी यादी कोडमध्ये नाही. (ऑप्शनची नावं इथे देवनागरीत लिहितोय. फाइलमध्ये ती रोमन अक्षरांत, पुढे दोन डॅश लावून आहेत.)

तुम्ही ‘ऑप्शन्स’ या मथळ्याचं ‘पर्याय’ केलंत. भाषांतर बिनचूक, पण स्क्रिप्ट तो इंग्रजी शब्दच शोधत होती. तो सापडला नाही, म्हणून तिच्या लेखी एकही ऑप्शन उरला नाही. तुम्ही मथळा पूर्ववत केलात आणि खरा घोळ तिथून सुरू झाला.

मूळ ओळीत ‘ड्राय-रन’ नंतर दोन स्पेस आहेत आणि मग वर्णन. तुम्ही लिहिलंत ‘ड्राय-रन रंगीत तालीम, काहीही कॉपी होत नाही’, मध्ये एकच स्पेस. कोणताही माणूस असंच लिहील. आमचा नियम मात्र असा होता की दोन स्पेसच्या आत जो शब्द येतो तो त्या ऑप्शनच्या किमतीचं नाव. म्हणजे स्क्रिप्टने समजून घेतलं की ड्राय-रनला ‘रंगीत’ नावाची काहीतरी किंमत द्यावी लागते. मग तुम्ही कमांड दिलीत: ड्राय-रन, कार्डाचा फोल्डर, डिस्कचा फोल्डर. कार्डाचा फोल्डर ड्राय-रनने गिळला. उरला एक फोल्डर. एकच दिला असेल तर तो ‘कुठे’ आणि सध्या उभे आहोत तो ‘कुठून’, अशी सोय आम्हीच कधीतरी कौतुकाने करून ठेवली होती. टर्मिनल (कमांड लिहायची खिडकी) उघडं होतं ते सगळ्या लग्नांच्या मूळ फोल्डरमध्ये. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

आणि ड्राय-रनचं काय? नुसतं ड्राय-रन म्हटलं की त्याची किंमत १, म्हणून आमची तपासणी होती, ‘किंमत १ आहे का?’ तिथे तर कार्डाचा पत्ता येऊन बसला होता. १ नाही, म्हणजे ड्राय-रन नाही, म्हणजे कामाला लागा. ही चूक तुमच्या स्पेसची नाही, आमची आहे. सुरक्षेसाठी ठेवलेल्या ऑप्शनमध्ये अनोळखी काही दिसलं तर जागीच थांबायला हवं होतं. वाचताना माझीच मान खाली गेली. फाइल पुसणारी बाजू या कमांडमध्ये नव्हती म्हणून फोटो शाबूत राहिले, एवढंच.

आता ‘जुगाड’ या शब्दाबद्दल. तो मला मान्य नाही.

आमच्या पहिल्या आवृत्तीत सगळं पुस्तकी पद्धतीने होतं. बॅश म्हणजे अशा स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम; त्याच्या ‘गेटऑप्ट्स’ने ऑप्शन वाचायचे आणि हेल्पचा मजकूर वेगळा, खाली एका फंक्शनमध्ये. जुने फोल्डर दुसऱ्या डिस्कवरून किती दिवसांनी काढायचे याचा आकडा कोडमध्ये ९० चा ३० झाला. बदल मीच केला होता. हेल्पमध्ये ९० तसेच राहिले. एका स्टुडिओने हेल्प वाचून निर्धास्तपणे स्क्रिप्ट लावून दिली आणि डिसेंबरातलं एक लग्न फेब्रुवारीत डिस्कवरून गेलं. अल्बम करणाऱ्याकडे प्रत होती म्हणून निभावलं. त्या गृहस्थांनी फोनवर आवाजसुद्धा चढवला नाही, एवढंच म्हणाले, ‘तुम्हीच लिहिलेलं वाचून केलं हो.’ त्या आठवड्यात ठरवलं की माणूस वाचतो ती ओळ आणि मशीन पाळतं ती ओळ एकच असेल. ९० लिहिलं तर ९०च होईल.

ही कल्पना आमच्या डोक्यातून निघालेली नाही. पर्ल या प्रोग्रामिंगच्या भाषेत डेमियन कॉनवे यांच्या ‘गेटऑप्ट युक्लिड’ने प्रोग्रामसोबत लिहिलेल्या दस्तऐवजावरूनच ऑप्शन ठरवायला सुरुवात केली होती. पायथनमध्ये व्लादिमिर केलेशेव यांचं ‘डॉकऑप्ट’ २०१२ मध्ये आलं, मग इतर बऱ्याच भाषांत त्याच्या आवृत्त्या निघाल्या. दोन स्पेसचा नियम आम्ही तिथूनच उचलला, आणि खरं सांगायचं तर न पारखता उचलला. तिथे ही फाइल प्रोग्रामरच्या हाती असते. आमची फाइल अल्बमचा हिशेब बघणाऱ्याच्याही हाती पडते.

‘मग सगळे वापरतात ते साधन का नाही?’ असंही तुम्ही विचारलंय. स्टुडिओंत मॅक बरेच. मॅकवर अजून बॅश ३.२ येतं. ‘गेटऑप्ट्स’ला एका अक्षराचेच ऑप्शन कळतात, आणि रात्री दोन वाजता वरातीतून आलेल्या मुलाने ‘के’ म्हणजे काय आणि ‘एन’ म्हणजे काय हे लक्षात ठेवावं, ही अपेक्षा मी करणार नाही. लिनक्सवर लांब नावं वाचणारं वेगळं ‘गेटऑप्ट’ असतं. मॅकवरच्या त्याच नावाच्या कमांडला लांब नावं येत नाहीत. पायथनचं ‘आर्गपार्स’ उत्तम आहे: तिथे उलटं, कोडमध्ये ऑप्शन सांगायचे आणि हेल्प त्यातून तयार होते, तोही एकच स्रोत झाला. पण २०२२ मध्ये मॅकओएस १२.३ पासून ॲपलने सोबत येणारं पायथन २.७ काढून टाकलं. प्रत्येक स्टुडिओत आधी पायथन बसवून द्यायचं काम आम्हा तिघांच्या आवाक्याबाहेरचं आहे. दोनशे ओळींची, आठ ऑप्शनची स्क्रिप्ट असेल तोवर आमची पद्धत मला योग्य वाटते. उद्या हिचे पाच उपविभाग झाले तर मी स्वतःच ती सोडेन.

तुमची एक तक्रार वाचणाऱ्यांच्या नजरेतून सुटेल म्हणून मुद्दाम लिहितो: फाइल डिस्कवर न उतरवता पाइपने थेट बॅशला दिली तर हेल्प कोरी येते. बरोबर आहे. स्क्रिप्ट स्वतःला वाचते ती स्वतःच्या नावाने फाइल उघडून. पाइपमधून आलेल्या स्क्रिप्टला विचारलं की तुझं नाव काय, तर ती ‘बॅश’ सांगते. यावर इलाज एकच, फाइल आधी डिस्कवर उतरवा. आता तसं केलं नसेल तर ती कोरी हेल्प न दाखवता हेच सांगून थांबेल.

नवी आवृत्ती कालपासून ठेवली आहे. चोवीस ओळींच्या वर आणि खाली मोठ्या अक्षरांत मराठीत लिहिलंय की हा मजकूर प्रोग्रामचा भाग आहे. ही पाटी पहिल्या दिवशीच हवी होती. किंमत घेणारा ऑप्शन आता टोकदार कंसातल्या शब्दावरूनच ओळखला जातो, त्यामुळे एक स्पेस असो वा चार, वर्णन म्हणजे वर्णनच. मथळा ‘पर्याय’ असला तरी चालेल. कुठून आणि कुठे, दोन्ही फोल्डर सांगावेच लागतील. ती कौतुकाची सोय काढून टाकली. आणि कोड ज्या आठ नावांवर विसंबून आहे ती आठही मजकुरात सापडली नाहीत तर एकाही फाइलला हात न लावता, कोणतं नाव हरवलंय ते सांगून स्क्रिप्ट बंद होते. म्हणजे नावांची एक यादी कोडमध्ये परत आलीच, हे तुम्ही म्हणायच्या आधी मीच म्हणतो. पण ती फक्त हजेरी घेते. आकडे आणि अर्थ मजकुरातच आहेत.

मराठी हेल्प आम्ही स्वतः द्यायला हवी होती. तुम्ही केलेलं भाषांतर आमच्यापेक्षा सरस आहे, तुमची हरकत नसेल तर पुढच्या आवृत्तीत तेच घालू, मोबदल्याचं फोनवर बोलू. एका शब्दावर मात्र अडलोय. रंगीत तालमीत कपडे, दिवे, पडदा, सगळं खरं असतं. इथे तर काहीच हलत नाही. मी नुसतं ‘तालीम’ सुचवतोय, आमच्याकडचा एकजण ‘फक्त दाखव’वर अडून बसलाय. तुमच्या मुलांना विचारून कळवा.