अळीचा पंचनामा

बाहेरून बी.ए. करताना इतिहासाची पुस्तकं फार जाड दिसली म्हणून मी इंग्रजी घेतलं. पुढं सोळा वर्षं ही गोष्ट कुणाच्या लक्षात आली नाही. मग एका शुक्रवारी केंद्राच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'माहिती तात्काळ भरावी' अशी लिंक आली. तिच्यात पदवीचा विषय विचारला होता आणि मी बावळटासारखं खरं ते भरलं. सोमवारी पीडीएफ आली. खाली बेचाळीस शिक्षकांची यादी, वर माझं नाव आणि नावापुढं 'सुलभक – इंग्रजी व बालसाहित्य'.

"सुलभक म्हणजे काय हो?" बायकोनं विचारलं.

"जो अवघड गोष्ट सुलभ करून सांगतो तो."

"मला बापडीला एसटी स्टँडच आठवलं," असं म्हणून ती कुकरकडं वळली.

परभणी जिल्ह्यातल्या माणसाला प्रशिक्षणाची उतरंड वेगळी समजावून सांगावी लागत नाही. जायकवाडीचा डावा कालवा पैठणहून निघतो आणि २०८ किलोमीटर चालत येतो. पैठणला त्याच्याकडं बघून नदीच वाटते. आमच्या टेलला त्याच्या कोरड्या पाटात पोरं क्रिकेट खेळतात. प्रशिक्षणाचं तसंच. वर दहा दिवस, जिल्ह्याला पाच, तालुक्याला तीन, केंद्रावर अर्धा दिवस आणि त्यातला निम्मा चहात. शेवटी वर्गातल्या पोरापर्यंत पोचते ती नुसती ओल. मी तालुक्याच्या चारीवरचा दरवाजा होतो.

आमच्या घरात परक्या भाषेचं भय तसं जुनं. आजोबा निजामाच्या राज्यात शिकले, तेव्हा शाळेची भाषा उर्दू. १७ सप्टेंबर १९४८ ला राज्य गेलं, पण आजोबा मरेपर्यंत हिशेब उर्दूत करायचे आणि शिव्या मराठीत द्यायचे. २००० साली राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं, तेव्हा ते ओट्यावर बसून होते. मी बातमी वाचून दाखवली. त्यांनी सुपारी कातरायची थांबवली आणि विचारलं, "आता ह्या भाषेचा निजाम कोण हाय?" मला अजून उत्तर सापडलेलं नाही.

जिल्ह्याच्या पाच दिवसांत मी विद्यार्थी होतो. तिथं कळलं की स्वतःची ओळख करून देताना 'मायसेल्फ अमुक अमुक' म्हणायचं नसतं. मी मुलगी बघायला गेलो तेव्हाही तसंच म्हणालो होतो. ती चूक आता दुरुस्त होण्यासारखी नव्हती. तिथंच आम्हाला एकेक चित्रांचं पुस्तक मिळालं. एरिक कार्ल यांचं, १९६९ सालचं. गोष्ट एका भुकेल्या अळीची. ती सोमवारी एक सफरचंद खाते, मंगळवारी दोन नासपती, बुधवारी तीन आलुबुखार, गुरुवारी चार स्ट्रॉबेरी आणि शुक्रवारी पाच संत्री. अळी जिथून जिथून फळात शिरली, तिथं पानाला खरीखुरी भोकं. पोराचं बोट आरपार जातं, आणि सगळी गंमत त्या बोटातच आहे.

आमच्या मुख्याध्यापकांनी ते पुस्तक खिडकीच्या उजेडासमोर धरलं.

"सर, तुमाला फाटकं दिलंय."

"फाटकं नाही, तसंच असतंय."

"कसर लागलीय. खिचडीच्या दाळीच्या पोत्याशेजारी ठिवलं असंल. असं डेडस्टॉकला घेता येत नसतंय. उद्या ऑडिटवाला म्हणंल, अळी पुस्तक खाऊ लागली तवा तुमी काय करत होता?"

हसण्यावारी नेऊ नका. आमच्याकडं गोष्टीची पुस्तकं कपाटात असतात, कपाटाला कुलूप असतं आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या करदोट्याला. पोरांनी वाचली तर फाटणार, फाटली तर वसुली लागणार. ज्या वहीत त्या पुस्तकांची नोंद होते, तिच्या नावातच 'डेड' आहे. शेवटी आम्ही दोघांनी बोट घालून घालून भोकं मोजली. पंधरा भरली. शेऱ्याच्या रकान्यात मुख्याध्यापकांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'प्राप्त स्थितीत १५ छिद्रे.' तेवढ्यात शनिवारचं पान उघडलं. त्या दिवशी अळी केक, लोणचं, कलिंगड असं काय वाट्टेल ते खाते. त्यात एक लांबट तांबूस वस्तू होती.

"हे काय?"

ते सॉसेज होतं. मुख्याध्यापकांच्या गळ्यात माळ, वार एकादशीचा.

"पडवळ आहे," मी म्हणालो. "तिकडचं."

तालुक्याचं प्रशिक्षण एका शाळेच्या हॉलमध्ये होतं. पंखा लावला की समई विझायची, बंद केला की उद्घाटक साहेब घामानं भिजायचे. समई लागेपर्यंत वेळ काढायचा म्हणून मी 'मायसेल्फ' का म्हणायचं नाही ते सांगून टाकलं. सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं. मग साहेब माइकसमोर उभे राहिले, घसा खाकरला आणि म्हणाले, "गुड मॉर्निंग टू ऑल. मायसेल्फ…" बेचाळीस मुंडकी एकदम माझ्याकडं वळली. मी समईची वात पुढं सारत बसलो.

पहिल्या तासाला हुकमांचा खेळ. जेम्स अ‍ॅशर नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचं म्हणणं असं की मूल भाषा आधी अंगानं शिकतं. आई 'ये', 'बस', 'दे' म्हणते आणि बोलता यायच्या आधीच मूल ते करून दाखवतं. म्हणून शिक्षकानं इंग्रजीत हुकूम सोडायचे आणि पोरांनी नुसतं करायचं. मला हे मनापासून पटलेलं आहे. पण माझ्यासमोर पोरं नव्हती, गुडघे होते. 'स्टँड अप' म्हटलं की हॉलभर 'आई गं' असा मराठी प्रतिसाद यायचा. तिसऱ्या 'सिट डाउन'ला मागच्या बाकावरचे एक गुरुजी बसले ते जेवणाच्या सुट्टीपर्यंत उठले नाहीत. म्हणाले, "आज्ञा समजली सर. पाळायची उमेद ऱ्हायली नाही."

मग ध्वनी. इंग्रजीत अक्षरं २६ आणि ध्वनी ४४ च्या आसपास. आमचा 'क' हा जन्मभर 'क'. इंग्रजीतलं अक्षर जिल्हा परिषदेच्या माणसासारखं, मूळ काम एक आणि अतिरिक्त कार्यभार तीन. 'सी' कधी 'क'चं काम करतो, कधी 'स'चं, आणि 'एच' शेजारी येऊन बसला की 'च'चं. काही अक्षरं हजेरीवर असतात पण कामावर नसतात. उदाहरणार्थ 'नी' म्हणजे गुडघा, त्यातला पहिला 'के'. हे उदाहरण मात्र सगळ्यांच्या तत्काळ लक्षात राहिलं.

प्रत्येक ध्वनीला एक कृती असते. 'प'साठी मेणबत्ती फुंकायची, 'प्, प्, प्'. मी फुंकून दाखवली, तशी पहिल्या रांगेतून आवाज आला, "दिवा फुंकत नसतेत सर. अन् समोर समई लावलेली हाय." आता आली का पंचाईत! सकाळपासून त्या समईनं मला छळलं होतंच. शेवटी एक मॅडम म्हणाल्या, "चूल फुंका की. फुंकणीतून प्, प्, प्." ठरलं. दहा मिनिटं बेचाळीस शिक्षक मूठ तोंडाला लावून चूल पेटवत होते. वर पाठवायच्या अहवालात मी 'स्थानिक संदर्भ' असा शब्द टाकला.

दुसऱ्या दिवशी जेवायला पुरी, बटाट्याची भाजी आणि शिरा होता. त्यानंतर प्रकट वाचन, तेही इंग्रजीतून. मराठी शब्द काढायचा नाही असा मला वरून आदेश. मी पुस्तक उंच धरलं, शिकवल्याप्रमाणं आवाज बारीक केला, अंड्यातून अळी बाहेर काढली आणि शिकवल्याप्रमाणंच थांबून विचारलं, "व्हॉट विल हॅपन नेक्स्ट?"

"कापूस जाईल," मागच्या बाकावरचे तेच गुरुजी म्हणाले.

हॉलची झोप उडाली. आमच्या भागात शिक्षक हा अर्धवेळ शेतकरी असतो आणि २०१७ ची गुलाबी बोंडअळी कुणी विसरलेलं नाही. बोंड वरून टच्च दिसायचं, फोडलं की आत लालसर अळी आणि किडकी सरकी. अशा माणसांना मी सांगत होतो की ही अळी फार गोड असते आणि तिला भूक लागलीय.

"पुढं फुलपाखरू होतं तिचं," मी घाईनं शेवट सांगून टाकला.

"बोंडअळीचं फुलपाखरू होत नसतंय. पतंग होतो. कामगंध सापळ्यात रोज मोजतो मी."

"कामगंध सापळा म्हणजे?" नवीन लागलेल्या एका मॅडमनी विचारलं. गुरुजी जरा थांबले, छताकडं बघितलं आणि म्हणाले, "ते सर सांगतेत."

"इट इज… अ स्मेल ट्रॅप," मी सांगितलं. नर, मादी हा तपशील मी शिऱ्याबरोबर गिळला.

त्यावर चूलवाल्या मॅडम उठल्या. त्यांच्या मालकांची तुती आणि रेशमाची शेड. "अळीला नावं ठिवू नका. आमची अळी जेवढी खाईल तेवढा कोष भरतो. जालन्याच्या बाजारात कोष नेला की भाव मिळतो." कोषावरून मग वेगळंच निघालं. इंग्रजीत फुलपाखराच्या कोषाला क्रिसॅलिस म्हणतात आणि पतंगाच्या रेशमी कोषाला ककून. पुस्तकातली अळी ककूनमध्ये जाते आणि फुलपाखरू होऊन निघते, म्हणजे तिथंच गफलत. मराठीत दोन्हीला कोषच म्हणत असल्यानं आपल्याकडं हा वाद होत नाही, असं मी सांगणार होतो. पण मला कुणी विचारेना. कारण एव्हाना हॉलला कळलं होतं की कापूसवाले गुरुजी आणि रेशीमवाल्या मॅडम यांचा बांधाला बांध आहे.

"तुमी परवा फवारलं, वारं आमच्याकडं. निम्म्या अळ्या मान टाकून पडल्या!"

"मग काय माझ्या कापसाला अंगारा लावू का?"

मला वरचा आदेश आठवला. मी टेबलावर डस्टर आपटलं आणि ओरडलो, "ओन्ली इन इंग्लिश!" वाटलं होतं, आता गप्प बसतील.

मॅडमनी पदर खोचला. "यू स्प्रे! माय वर्म ऑल डाय! टू हंड्रेड अंडीपुंज!"

"माय कॉटन, माय पंप! व्हाय युवर तुती निअर माय बांध?"

"मलबेरी!" मधल्या रांगेतून कुणीतरी पुरवलं.

"बांध नॉट युवर! फर्स्ट यू डू मोजणी!"

"आय रेडी! टुमॉरो डू! ब्रिंग युवर हजबंड!"

काळ चुकला, क्रियापदं सांडली, पण दोघांपैकी कुणी एका शब्दासाठीही अडलं नाही. अडल्या त्या मॅडम एकदाच. माझ्याकडं वळून म्हणाल्या, "सर, भरपाईला काय म्हणतेत?"

"कॉम्पेन्सेशन."

"स्पेलिंग लिहा फळ्यावर."

मी खडू घेतला. मधे 'एस' की 'सी' यावर हात थांबला. खिशातला मोबाइल काढावा तर बेचाळीस जण बघत होते. दोन दिवसांत एवढ्या एकाग्रतेनं माझ्या फळ्याकडं कुणी बघितलेलं नव्हतं. मी 'एस' लिहिला. सगळ्यांनी उतरवून घेतला, गुरुजींनीसुद्धा. पुढं ते त्यांच्यावरच येणार होतं.

याच क्षणी साहेब भेटीला आले. दारात पाच मिनिटं उभे राहिले, एकही शब्द बोलले नाहीत आणि भेट नोंदवहीत लिहून गेले, 'शिक्षक इंग्रजीतून मुक्त संवाद साधताना आढळले. समाधान वाटले.' जाता जाता मला कोपऱ्यात घेऊन त्यांनी विचारलं, "ते गुरुजी फवारायलेत कोणतं? आमच्याकडं पण बोंडं किडलीत."

पुस्तक घेऊन मी शाळेत परतलो. पहिली-दुसरी एकत्रच बसते. पोरांनी भोकांत बोटं घातली, शनिवारच्या यादीवर हसून लोळली, बोंडअळीचा विषय त्यांनीही काढला. मी पुस्तक कपाटात न ठेवता दोरीला अडकवून ठेवलं. मुख्याध्यापक रोज येता-जाता त्या दोरीकडं बघून उसासा टाकायचे. महिन्याभरानं एका शनिवारी त्यांनी रजिस्टर काढलं, बोट घालून मोजणी केली आणि मला हाक मारली.

"सर, सोळा भरायलेत."

सोळावं भोक शेवटच्या कोऱ्या पानावर होतं. तिथं हिरव्या खडूनं एक पेरू काढलेला आणि त्यातून पेन्सिल आरपार घातलेली. चौकशीची गरज पडली नाही. पहिलीतली एक पोरगी स्वतःच पुढं आली. "रविवारी तिनं नुसतं पानच खाल्लं की सर. म्हणून म्या पेरू दिला."

"खुलासा द्या," मुख्याध्यापक मला म्हणाले. "लेखी. इंग्रजीत द्या, म्हंजी वर कुणी वाचणार नाही."

मी एकच ओळ लिहिली, 'सर, दि वर्म वॉज स्टिल हंग्री.' त्यांनी ती फाइलला लावली, रजिस्टरमधला पंधराचा आकडा खोडून सोळा केला, शेजारी तारखेसह सही केली. मग चष्मा कपाळावर सरकवून पेरूच्या चित्राकडं बराच वेळ बघत राहिले.

"पेरूच हाय ना हे?" ते म्हणाले. "का तिकडचं पडवळ?"