'अनामिक' यांस: सर्चविकी आणि माझं तीन नंबरचं मशीन

तुम्ही नाव दिलेलं नाही, म्हणून 'अनामिक' म्हणतो. माझ्या सर्चविकीवरच्या लेखाबद्दल तुमचं म्हणणं थोडक्यात असं: गूगलच्या सर्चविकीत (शोधाचे निकाल बाणाने वर चढवायची, फुलीने काढून टाकायची आणि त्यांवर टिपा लिहायची सोय) वर-खाली केलेले निकाल ज्याचे त्यालाच दिसत, मी मात्र ते सगळ्यांना दिसत असल्यासारखं लिहिलं, टिपांमध्ये कचराच जास्त होता, आपोआप होणारं पर्सनलायझेशन (आधीचे शोध बघून गूगलनेच निकाल बदलणं) त्याहून सरस, आणि शेवटी, 'लेखावरून वाटतं, तुम्ही तेव्हा नेटवर नव्हतातच.'

पहिलं मान्य. बाण आणि फुली ज्याच्या त्याच्या अकाउंटपुरतीच, इतरांना वाचता यायच्या त्या फक्त टिपा. वाक्य दुरुस्त केलंय. (नीट शब्दांत सांगितलं असतंत तरी केलं असतं.)

पण ते शेवटचं वाक्य! अहो, नोव्हेंबर २००८ मध्ये सर्चविकी आलं तेव्हा मी मिरजेत सहा मशीनचं सायबर कॅफे चालवत होतो. गिऱ्हाईक लॉग-आउट न करताच उठून जायचं. त्याने फुली मारलेली साइट त्याच खुर्चीत बसलेल्या पुढच्या पोराला सापडायची नाही. 'काका, काल तर होती!' मी जायचो, उघडं राहिलेलं अकाउंट बंद करायचो, साइट परत हजर.

आता तुमचं ते 'सरस' प्रकरण. डिसेंबर २००९ पासून गूगलने लॉग-इन न केलेल्यांनाही पर्सनलायझेशन लावलं, ब्राउझरमधल्या कुकीवरून (साइटने तिथे ठेवलेली ओळखीची छोटी फाइल), १८० दिवसांपर्यंतच्या शोधांचा हिशेब धरून. माझ्या तीन नंबरच्या मशीनवर दिवसाला दहा-बारा माणसं बसायची. भरतीचा फॉर्म भरणारा, मुलीसाठी स्थळं बघणारे काका, क्रिकेटचा स्कोअर बघायला घुसलेली कॉलेजची पोरं. कुकीच्या लेखी हे सगळे मिळून एकच माणूस! त्याची आवड काय धरायची, तुम्हीच सांगा. लॉग-आउट करून इथे सुटका नव्हती. बंद करायची सोय होती म्हणाल. होती, पण चालू आहे हे कोणाला ठाऊक होतं? बाण निदान दिसायचा तरी. लेखात मी एवढंच म्हटलं होतं.

कचऱ्याबद्दल वाद घालत बसायला मला वेळ नाही. मार्च २०१० मध्ये सर्चविकी जाऊन तारे (आवडलेल्या निकालावर खूण करायची सोय) आले, म्हणून टिपा कोणाला नकोच होत्या असं ठरत नाही. तसं असतं तर नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याच कंपनीने भारतात आणि अमेरिकेत 'नोट्स'चा, म्हणजे निकालांवर टिपा लिहू देण्याचा, प्रयोग कशाला केला असता? (तोही गुंडाळला, हे तुम्ही सांगायच्या आत मीच सांगतो.)

कॅफेतलं नाव-पत्ता-सहीचं रजिस्टर अजून माळ्यावर आहे. पुढच्या वेळी स्वतःचं नाव घालून लिहा, त्याच्या पहिल्या पानाचा फोटो पाठवतो.